रस्ता गावातला, पण कुणाचा?

गाव वाढलं की तिठ्यावर आधी वडापावची गाडी येते, मग सिमेंटची दुकानं, मग डंपर. वाहतूक पोलीस सर्वांत शेवटी. पुण्याच्या सीमेवरची वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत गेली. तोवर नगर रस्त्यावरचं एवढं मोठं गाव ग्रामपंचायतच सांभाळत होती.

रस्त्याच्या तक्रारीचा अर्ज लिहिण्याआधी त्याचं कूळ शोधावं. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. रस्त्यावर आलेल्या टपऱ्या आणि ओटे हटवण्याचा अधिकार मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ ने पंचायतीलाही दिला आहे. तो वापरायचा तर मतदारच दुखावतात, ही खरी अडचण.

सर्वांत मोठा घोळ गतिरोधकांचा. अपघात झाला की रातोरात डांबराचा उंचवटा उभा राहतो. ना पांढरे पट्टे, ना आधी पाटी. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये दिलेला नमुना पाहा: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी सहज जावी अशी गोलाई. आपल्याकडचं अरुंद टेंगूळ दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला खाली पाडतं.

आणि दूध घालायला पंधरा वर्षांच्या पोराला मोटारसायकल देणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.