शब्दाला जोडलेले डबे

मुलांनो, दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. (खायचा पेरू नव्हे हं!) तिथे अँडीज पर्वतात लाखो लोक क्वेचुआ भाषा बोलतात. त्यांच्याकडे 'वासि' म्हणजे घर. 'वासिय' म्हणजे माझं घर. 'वासियकुना' माझी घरं, 'वासियकुनापि' माझ्या घरांमध्ये आणि 'वासियकुनापिपस' म्हणजे माझ्या घरांमध्येसुद्धा! इंजिनामागे डबे लागावेत तसे प्रत्यय लागत जातात.

आता संगणकाची पंचाईत बघा. नुसत्या शब्दांच्या यादीवरून तो शुद्धलेखन तपासू लागला, तर एवढी रूपं यादीत कुठून येणार? मग बरोबर शब्दाखालीही लाल रेघ! बरोबर गणितावर बाईंनी फुली मारली तर तुम्हांला कसं वाटेल?

फिनलंडच्या किम्मो कोस्केनिएमी यांनी १९८३ मध्ये फिनिश भाषेसाठी एक युक्ती मांडली. यादी पाठ करून घेण्यापेक्षा संगणकाला व्याकरणच शिकवायचं. मूळ शब्द कोणते, कोणामागे कोणता डबा लागतो आणि जोडाशी काय बदलतं, एवढं सांगायचं. क्वेचुआत 'यावर' म्हणजे रक्त. शेवटी व्यंजन आलं, म्हणून 'य' लावताना मध्ये 'नि' घ्यावा लागतो: 'यावरनिय', माझं रक्त. असा एक नियम सांगितला की कितीतरी शब्द सुटतात. गंमत म्हणजे, याच नियमांनी संगणक शब्द सोडवतो आणि जोडतोही.

पुढे क्वेचुआसाठीही अशी साधनं तयार झाली. भाषेत छापील मजकूर थोडा असला तरी चालतं. व्याकरणाचा जाणकार मात्र हवाच.

आता तुम्ही 'शाळेतल्यांनासुद्धा' या शब्दाचे डबे सोडवा बरं. आणि 'शाळा'ची 'शाळे' का झाली, तेही शोधा!