घरचं नेट, लेखांक ९ : राउटरचं पान उघडेना

गेल्या आठवड्यात वायफायचा पासवर्ड कसा निवडावा ते पाहिलं. तो बदलायचा तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर जावं लागतं, आणि पुष्कळांचं घोडं तिथेच पेंड खातं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की एकतर चक्र फिरत राहतं, नाहीतर भलतंच काहीतरी उघडतं. मग नेटवाल्याला फोन. तो ‘संध्याकाळी पोरगा पाठवतो’ म्हणतो. कुठल्या संध्याकाळी, ते सांगत नाही.

हे पान इंटरनेटवर नसतंच. ते त्या डब्याच्या पोटात असतं आणि डबा तुमच्याच भिंतीवर टांगलेला असतो. म्हणूनच नेट बंद असतानाही ते उघडायला हवं, आणि म्हणूनच गुगलवर शोधून ते सापडत नाही. शोधलंत तर ‘राउटर लॉगिन’ नावाची ढीगभर पानं येतील. त्यांचा तुमच्या डब्याशी काडीचा संबंध नाही. त्यांतल्या एखाद्यावर मदतीसाठी फोन नंबर दिसला तर तो मुळीच लावू नका.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ च्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजात ते, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले पत्ते बाजूला काढून ठेवले गेले. प्रत्येक इमारतीत १०१ नंबरचा फ्लॅट असावा तसा हा पत्ता असंख्य घरांत असतो. तो इमारतीबाहेर चालतच नाही, त्यामुळे घोळ होत नाही.

पण तुमच्या घरी १९२.१६८.१.१ च असेल असं कोणी सांगितलं? टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरांवर १९२.१६८.०.१ असतं, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. तेव्हा अंदाज नको, शेजाऱ्याला विचारणंही नको. आपल्याच यंत्राला विचारायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा उतरवून घ्या. आयफोनमध्ये वायफायच्या नावाशेजारच्या गोलातल्या ‘आय’वर बोट ठेवलं की ‘राउटर’ अशी ओळ दिसते. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ शोधा. प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय, जरा धुंडाळावं लागेल. याच ठिकाणी तुमच्या यंत्राचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर पानाचा नाद तूर्त सोडा. राउटरकडून पत्ता न मिळाल्याने यंत्राने तो स्वतःच घेतलेला असतो. वायर नीट खोचा, दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा चालू करा.

आकडा मिळाला की टाइप करताना डोळ्यांत तेल घाला. इथे मराठी अंक छापलेत, पण ब्राउझरला इंग्रजी अंकच हवेत. एकच्या जागी छोटा ‘एल’ किंवा शून्याच्या जागी ‘ओ’ पडला की पत्ता पत्ता राहत नाही. मधलं एक टिंब गळण्याची गंमत निराळी. १९२.१६८.११ लिहिलंत तर एखादा ब्राउझर तक्रार करत नाही, गुपचूप १९२.१६८.०.११ या पत्त्यावर जातो आणि तिथे कोणी नसतं. जुन्या डब्यांसाठी पत्त्याआधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरप्या रेघा लिहून पाहा. ‘एचटीटीपीएस’ त्यांना बोलताच येत नाही. उलट नव्या डब्यांवर ‘हे कनेक्शन खासगी नाही’ असा लाल इशारा येतो, कारण त्यांचं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. आपल्याच राउटरच्या आकडी पत्त्यावर आहोत याची खात्री असेल तर पुढे जायला हरकत नाही. बँकेच्या पानावर मात्र हा इशारा दिसला तर मागे फिरायचं.

एवढं करूनही पान उघडत नसेल तर माझा पहिला संशय मोबाइल डेटावर. वायफायला नेट नाही असं दिसलं की फोन आपणहून सिमच्या डेटाकडे वळतो, आणि सिमच्या वाटेने तुमच्या भिंतीवरचा डबा कधीच भेटणार नाही. डेटा बंद करा. व्हीपीएन असेल तर तेही. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर असाल तर मुख्य वायफायवर या, कारण गेस्टला सेटिंगपासून मुद्दाम दूर ठेवलेलं असतं. मॅकवाल्यांसाठी एक खास ठेच : २०२४ च्या ‘सेक्वोया’ आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला घरच्या नेटवर्कसाठी परवानगी लागते. तेव्हा क्रोमला कधी ‘नाही’ म्हटलं असेल तर सफारीत पान उघडतं, क्रोममध्ये नाही.

काही कंपन्या आकड्यांऐवजी नाव देतात, उदाहरणार्थ टीपीलिंकवायफाय डॉट नेट. अशा नावाची चौकशी राउटर मध्येच अडवतो आणि स्वतःचा पत्ता पुढे करतो. फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर चौकशी राउटरला चुकवून परस्पर बाहेर जाते आणि सगळं फसतं. याच कंपनीच्या एका जुन्या नावाची नोंदणी सुटून ते परक्या हातात गेल्याचं २०१६ मध्ये उघड झालं होतं. डब्यांखालच्या स्टिकरवर नाव तेच, मालक मात्र दुसराच! मी आकडेच वापरतो.

दोन डबे असतील तर आणखी गुंता. फायबरवाल्याचा एक, त्याला जोडलेला आपला दुसरा. ज्याच्या वायफायवर आहात त्याचंच पान गेटवेच्या पत्त्यावर उघडतं. जुना राउटर आतल्या खोलीत नुसता वायफाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला असेल तर त्याचा पत्ता बहुधा बदललेला असतो. मुख्य राउटरच्या पानावरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत तो सापडेल.

पान उघडतं पण पासवर्ड घेत नाही, हे दुखणं वेगळं. तिथे वायफायचा पासवर्ड चालेलच असं नाही. लॉगिनचा बहुधा वेगळा असतो आणि डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. पूर्वी सरसकट ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ चालायचं. असल्याच कारखान्यातल्या पासवर्डांच्या यादीच्या जोरावर ‘मिराई’ या घातकी प्रोग्रामने हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला वेबसाइटांच्या नावांची चौकशी हाताळणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळवल्या. आता बरेच नवे डबे पहिल्याच वेळी स्वतःचा पासवर्ड ठरवायला लावतात. स्टिकरवरचा पासवर्ड जुळत नसेल तर नेटवाल्याला विचारा. बसवताना त्याच्याच माणसाने बदललेला असण्याची शक्यता मोठी. आठवतील ते शब्द मारत सुटू नका, काही राउटर चुका मोजतात आणि काही वेळ दार बंद करतात.

राहिलं ते मागचं बारीक भोक. टाचणीने दहाएक सेकंद दाबलं की डबा कोरा होतो, आणि पासवर्डाबरोबर नेटवाल्याने जोडणीसाठी भरलेलं पीपीपीओईचं युजरनेमही पुसलं जातं. मग पान उघडेल, नेट चालणार नाही. म्हणून टाचणी घेण्याआधी ते युजरनेम आणि त्याचा पासवर्ड मागून लिहून ठेवा. फायबर कंपनीचा डबा असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय रिसेट करूच नका, त्यातल्या कित्येक सेटिंग तुम्हाला परत भरता येणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात : आत गेल्यावर डब्याचं सॉफ्टवेअर कसं अपडेट करायचं.