उसनवारीची वही

आमच्या आईने आयुष्यात कधी हिशेबाची वही ठेवली नाही. परंतु स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिलेली तिची एक यादी मात्र कायम असे. ‘खालच्या काकू – साखर, १ वाटी. वरच्या वहिनी – रवा, अर्धी वाटी.’ वाटी परत गेली की ओल्या फडक्याने ती ओळ पुसली जाई. आणि परत जाणारी वाटी नेहमी शिगोशीग भरलेली असे. उसने आणण्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. कोणाकडून आणले हे विसरण्यात मात्र तो नक्की वाटला असता.

मी मराठीचा प्राध्यापक. म्हणजे माझा सारा संसारच उसनवारीवर चालतो! एखाद्या लेखात चार विचार माझे असले, तर चाळीस दुसऱ्यांचे असतात. त्या चाळिसांची नावनिशी, ग्रंथ, साल आणि पान ह्यांसह, लेखाच्या शेवटी द्यावयाची हा आमच्या धंद्याचा धर्म. आईच्या दाराची जागा आमच्याकडे संदर्भसूची घेते. फरक इतकाच की, ही यादी कधी पुसावयाची नसते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सरांच्या घरून बुटांची तीन खोकी माझ्याकडे आली. सरांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. “ह्यांच्या चिठ्ठ्या आहेत. रद्दीत घालवत नाहीत. तुम्हीच न्या,” माई म्हणाल्या. घरी येऊन झाकण उघडतो तो आत लग्नपत्रिका! पत्त्यांएवढ्या कापलेल्या. एका बाजूस ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि कोऱ्या बाजूस सरांच्या मुंगीएवढ्या अक्षरात लेखक, ग्रंथ, आवृत्ती, साल, पान. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक अक्षर होते. कुठे ‘पा’, कुठे ‘ऐ’. त्याचा उलगडा मला काही होईना.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या पीएच.डी. करते. ती खोकी पाहून म्हणाली, “सर, वाळवी लागायच्या आत हे सगळं झोटेरोत घाला.”

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे संगणकावरचे कपाट. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासाच्या मंडळींनी ते २००६ साली तयार केले आणि सर्वांना फुकट देऊन टाकले. नाव मात्र आले आहे अल्बेनियन भाषेतील एका क्रियापदावरून. त्याचा अर्थ एखादी गोष्ट आत्मसात करणे. तिने माझ्या संगणकावर ते बसवून दिले आणि प्रात्यक्षिक दाखविले. वरती जादूच्या कांडीचे एक चिन्ह असते. ते दाबून पुस्तकामागचा आयएसबीएन क्रमांक लिहिला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लेखक, प्रकाशक, साल सारे हजर! पुढे लेख लिहिताना एक कळ दाबावी, तळटीप तयार. एका नियतकालिकाला एक पद्धत हवी आणि दुसऱ्याला दुसरी, तर साऱ्या तळटिपा एका दमात कूस बदलतात. हे काम हाताने करण्यात माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्या आहेत. मी मनोमन त्या अमेरिकन इतिहासकारांना नमस्कार केला.

पण मौज पुढेच होती. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरला १९७० साली. सरांच्या चिठ्ठ्यांतली निम्मी पुस्तके त्याआधीची. त्यांच्यापुढे जादूची कांडी काय करणार? ती हातानेच घालावी लागली. कुठे साल शके १८१२ असे छापलेले. त्यात ७८ मिळवावे, आणि पुस्तक जानेवारी ते फाल्गुनअखेर निघाले असेल तर ७९. ‘विशाखा’वर कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर, मराठी माणसाला ठाऊक आहे की हे एकच, कपाटाला ते दोन गृहस्थ वाटतात. परदेशी ग्रंथालयांच्या यादीतून नोंद ओढून घ्यावी, तर तेच पुस्तक रोमन लिपीत येऊन देवनागरी जुळ्या भावाशेजारी परक्यासारखे उभे राहते. आणि लेखकासाठी चौकटी दोन : आडनाव आणि नाव. ज्ञानेश्वरांचे आडनाव काय लिहावे? विद्यार्थिनीने हसत एक बारीक खूण दाखविली. ती दाबली की दोन चौकटींची एक होते. अशा माणसांची सोय त्या मंडळींनी करून ठेवली होती तर!

शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली, आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. ती संगणक नसताना केली, हे आम्ही वर्गात सांगतो आणि पुढे जातो. दोनशे नोंदी घालून माझी मान धरली, तेव्हा त्या वाक्याचे वजन मला प्रथम कळले.

सरांच्या चिठ्ठ्यांबरोबर माझ्या जुन्या लेखांतले संदर्भही मी कपाटात घातले आणि मोठ्या ऐटीत ती यादी विद्यार्थिनीला वापरावयास दिली. आठ दिवसांनी ती आली. चहा निवला तरी बोलेना. शेवटी म्हणाली, “सर, तुमच्या त्या लेखातली नववी तळटीप... मी ग्रंथालयात तो अंक काढला. त्या पानावर ते वाक्य नाहीये.”

“मग काय आहे?”

“केशतेलाची जाहिरात.”

मी हसलो खरा, पण कान तापले. तो जुन्या मासिकाचा अंक मी कधी हातातच धरला नव्हता. स्त्रीशिक्षणावरचे ते झणझणीत वाक्य मला एका टीकाग्रंथात भेटले. तिथली तळटीप मी जशीच्या तशी उचलली आणि स्वतः पाहिल्याच्या थाटात खाली छापली. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर आणखी दोघांनी माझ्या लेखावरून तीच तळटीप पानासकट उचलल्याचे तिने दाखविले. माझ्या चुकीला नातवंडे झाली होती! आणि आता कपाटात ती अशी नीटनेटकी बसली होती की कोणाला शंका येऊ नये.

त्या रात्री मी सरांची खोकी पुन्हा उपसली. तेच वाक्य, तेच मासिक, तेच पान असलेली एक चिठ्ठी निघाली. कोपऱ्यात अक्षर होते ‘ऐ’. तेव्हा उलगडा झाला. ‘पा’ म्हणजे पाहिले. ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. वाक्य सरांच्याही हाती आले होते, पण मूळ पाहिले नव्हते. म्हणून त्यांनी ते आपल्या एकाही लेखात वापरले नाही. शिष्याला मात्र तेवढा धीर निघाला नव्हता.

दिवाळीआधीचे दोन रविवार आम्ही दोघे ग्रंथालयात त्या मासिकाच्या फायली चाळत बसलो. वाक्य सापडले, दोन महिन्यांनंतरच्या अंकात. परंतु ज्या संपादकांच्या नावे मी ते खपविले होते, त्यांचे ते नव्हतेच. वाचकांच्या पत्रव्यवहारात कोणा बाईने ते लिहिले होते, तेही संपादकांना खडसावण्यासाठी! खाली सही इतकीच : ‘एक भगिनी’.

माझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला मी दुरुस्तीचे पत्र पाठविले. मग कपाट उघडले. झोटेरोत प्रत्येक नोंदीला खुणेची चिठ्ठी लावता येते आणि तिला रंगही देता येतो. मी दोन खुणा केल्या : ‘पाहिले’ हिरवी, ‘ऐकीव’ तांबडी. सरांच्या नोंदींना त्यांच्या कोपऱ्यातल्या अक्षराप्रमाणे खुणा लावल्या. माझ्या नोंदींत तांबडे किती निघाले, तो आकडा वाचकांनी विचारू नये.

सर्वांत शेवटी नववी तळटीप दुरुस्त केली. संपादकांचे नाव काढले, अंक बदलला, पान बदलले. लेखकाच्या दोन चौकटींची एक केली आणि तिच्यात लिहिले : ‘एक भगिनी’. खूण हिरवी. वाटी परत करावयास घर काही सापडले नाही. पण निदान ती चुकीच्या दारी तरी राहिली नाही.