लाळेत आणि लघवीत हिवतापाचा माग

हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत वाढतो. पेशी फुटली की त्याच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात मिसळतात. पेशीबाहेर मोकळे असलेले हे डीएनए म्हणजे पेशीमुक्त डीएनए. मानवी रक्तद्रवात ते असते, हे फ्रान्समधील मांडेल आणि मेताइस यांनी १९४८ साली दाखवले. त्यातले आखूड तुकडे मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीत उतरतात.

जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावांत तापाच्या रुग्णाचे बोट टोचून रक्तनमुना काचपट्टीवर घेतात किंवा जलद चाचणी करतात. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत, पण परजीवी फार थोडे असतील तर ते निसटतात. फाल्सिपेरम जातीचे वाढलेले परजीवी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात, त्यामुळे बोटाच्या थेंबात येत नाहीत. शिवाय फाल्सिपेरमच्या जलद चाचणीत शोधले जाणारे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात टिकू शकते. मोकळे डीएनए त्यामानाने लवकर नष्ट होते.

झांबियातील संशोधकांनी २००६ साली फाल्सिपेरमचे डीएनए लाळेत आणि लघवीत ओळखता येते, असे दाखवले. लाळेचे निकाल रक्ताशी अधिक जुळले. लहान मुलांना वारंवार सुई टोचावी न लागणे, हा यातला मोठा दिलासा.

इतर परजीवींनाही हीच पद्धत लागू पडते. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून काचपट्टीची तपासणी रात्री करावी लागते. त्यांच्या डीएनएचा शोध दिवसाही घेता येऊ शकतो. लघवीतून रक्त जाणारा शिस्टोसोमियासिस भारतात १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात नोंदला गेला. त्याचे निदान लघवीतील अंड्यांवरून होते. अंडी सापडली नाहीत तरी रक्तद्रवातील डीएनए संसर्ग दाखवू शकते.

तुकडे अत्यल्प असल्याने पीसीआरने त्यांच्या असंख्य प्रती कराव्या लागतात. शोधायचा भाग आखूड आणि परजीवीत अनेक प्रतींनी असलेला निवडला, तर यशाची शक्यता वाढते. लघवीतली विकरे डीएनए तोडतात, म्हणून नमुना लगेच जपावा लागतो. दुसऱ्या नमुन्याचा अंश मिसळला तर खोटा निकाल येतो. सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या एकाच तापमानावर अशा प्रती करणारी लॅम्प ही पद्धत साध्या उपकरणांवर भागते, म्हणून लहान आरोग्य केंद्रांना ती जास्त जवळची.

जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्यापैकी ताप नसलेल्या माणसातले थोडे परजीवीही तिथे डासांमार्फत पसरू शकतात. काचपट्टीला आणि जलद चाचणीला जोड म्हणून असा छुपा संसर्ग स्थलांतरापूर्वी शोधणे, हा या तंत्राचा खरा उपयोग आहे.