यंत्राच्या कंपनाचा संदेश : खरा किती, खोटा किती?

वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा (देसाईगंज) हे गाव धानाच्या व्यापारासाठी व भातगिरण्यांसाठी ओळखले जाते. गिरणीतील मोटार वा पंखा नीट चालत आहे किंवा नाही, हे अनुभवी मिस्त्री बेअरिंगवर हात ठेवून सांगतो. मात्र गोंदिया-बल्लारशा लोहमार्गाने पुढे चंद्रपूरला जावे, तर तेथे 2,920 मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथील टर्बाइन मिनिटास 3,000 फेरे घेतात. अशा ठिकाणी हाताचे काम कंपन-संवेदक करतो. काही संवेदक बेअरिंगच्या आवरणावर घट्ट बसवलेले असतात; काही शाफ्टला स्पर्श न करता तिचे अंतर मोजतात. कंपन मर्यादेबाहेर गेले की यंत्रणा प्रथम इशारा देते व नंतर संच बंद करते.

परंतु संवेदकच चुकीचा संदेश देऊ लागला तर? चांगला संच विनाकारण बंद पडतो. त्याहून मोठा धोका असा की, खोट्या इशाऱ्यांची सवय झाल्यावर खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. रशियातील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात 17 ऑगस्ट 2009 रोजी एक संच उखडला जाऊन 75 जणांचा मृत्यू झाला. त्या संचावरील एका कंपन-संवेदकाची नोंद विश्वसनीय होती काय, याविषयी नंतरही तज्ज्ञांत मतभेद राहिले. संशय वेळीच न फेडल्यास असे प्रश्न दुर्घटनेनंतर अनुत्तरित राहतात.

तपासणीचा क्रम

प्रथम नोंदीचे स्वरूप पाहावे. बेअरिंगची झीज सहसा हळूहळू वाढते. टर्बाइनचे पाते तुटल्यास आकडा एकदम चढतो, पण तो चढलेलाच राहतो. क्षणात उसळून पूर्ववत होणारा किंवा शून्यावर येणारा आकडा मात्र तारेकडे बोट दाखवतो. त्याच वेळी शेजारचे संवेदक, बेअरिंगचे तापमान व आवाज यांचा दुजोरा मिळतो काय, हे पडताळावे.

नंतर बैठक तपासावी. सैल स्क्रू, रंगाचा थर वा गंज यांमुळे नोंद बिघडते. जोडणीत तेल किंवा ओल शिरली आहे काय, तार कोठे घासली आहे काय, हेही पाहावे.

तारेवरील धातूच्या जाळीला भूसंपर्क एकाच टोकाशी असावा. दोन्ही टोकांशी दिल्यास विजेची सेकंदाला 50 आवर्तने संदेशात मिसळू शकतात. मिनिटास 3,000 फेरे म्हणजेही सेकंदास 50 फेरेच. त्यामुळे येथे फसगत होते. संच बंद होताना खरे कंपन वेगाबरोबर बदलत जाते. विजेचा गोंगाट मात्र चाक थांबल्यावरही कायम राहतो.

शेवटी संशयित संवेदकाची दुसऱ्या चांगल्या संवेदकाशी अदलाबदल करावी. दोष संवेदकाबरोबर गेला, तर संवेदक बदलावा; जागीच राहिला, तर तार वा मापनयंत्र पाहावे. या कामासाठी स्वयंचलित संरक्षण बाजूस ठेवावे लागल्यास ते लेखी परवानगीनेच, ठरावीक वेळेपुरते ठेवावे व काम संपताच पूर्ववत करावे.

दोष यंत्राचा नसून संवेदकाचा आहे, हे सिद्ध होईपर्यंत इशारा खराच मानावा. नळपाणी योजनेच्या पंपापासून टर्बाइनपर्यंत सर्वत्र हाच नियम हितकारक होय.