जुळणीची कमाई

उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांनी साखर कारखान्याकडे जातात, त्याच रस्त्यांनी बारामती एमआयडीसीतल्या नव्याकोऱ्या तीनचाकी गाड्या देशभर रवाना होतात. पियाजिओची ‘आपे’ इथे १९९९ पासून तयार होते, व्हेस्पा स्कूटर २०१२ पासून. तरीही ‘तिथं नुसती जुळणी होते’ असं आपण सहज म्हणून जातो. या ‘नुसती’ला माझा आक्षेप आहे.

लाइनवर सांगाडा पुढे सरकतो, तसं त्यावर इंजिन, चाकं, वायरिंग चढत जातं. प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळ, ठरावीक काम. कामगार टॉर्क पान्याने बोल्ट आवळतो. ठरलेला जोर लागला की पाना ‘टक्’ असा वाजतो. मग तो बोल्टवर रंगाचा ठिपका देतो. तो ठिपका म्हणजे त्याची सही. सुटे भाग दहा ठिकाणांहून आलेले असतात. त्यातल्या कुणाचीही चूक सापडायची ती या हातांनाच.

१९१३ मध्ये हेन्री फोर्डने सरकती लाइन आणली, तेव्हा मॉडेल टीच्या सांगाड्याच्या जुळणीचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. गाडी स्वस्त झाली ती या जुळणीमुळे.

इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला हीच विद्या वेगळ्या उंचीवर पोचली. वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या या गावात आधी साखर आली, पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली. आज इथे इस्रोच्या सर्वांत अवजड रॉकेटच्या एस-२०० बूस्टरची आवरणं घडतात. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटलाही तीच होती. ३.२ मीटर व्यासाची ही नळकांडी तीन खंडांत असतात. दोन खंडांमधला सांधा नीट बंद राहिला नाही, तर काय होतं? २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान बूस्टरच्या अशाच एका सांध्यातलं रबरी कडं निकामी झाल्याने कोसळलं. सात अंतराळवीर गेले. सांधा जपणं म्हणजे माणसं जपणं.

वालचंदांच्याच प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात परदेशी सुटे भाग जोडून मोटारी बनवायला सुरुवात केली. हळूहळू ते भागही इथे बनू लागले. जुळणी ही उद्योगाची बाराखडी असते. ती पक्की झाली की पुढचं लिहिता येतं.

म्हणून आयटीआयमधून लाइनवर उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना कायम नोकरी, चांगलं शिक्षण आणि मान मिळायला हवा. पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजाराकडे निघालेली आपे घाट उतरते, तेव्हा ड्रायव्हर निर्धास्त असतो. त्याच्या पायाखाली कुठंतरी तो रंगाचा ठिपका असतो.