उलट आवाजाची किमया: कानातली आणि दुधाळ्याची

हिंगोलीतला मोबाईल दुकानदार आणि औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला येऊ घातलेले शास्त्रज्ञ, दोघांपुढचा प्रश्न एकच आहे: नको तो गोंगाट घालवायचा कसा? दुकानदार 'नॉइज कॅन्सलिंग' असं लिहिलेला हेडफोनचा डबा पुढे करतो. शास्त्रज्ञांचं काम जरा मोठं आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने २६०० कोटी रुपयांच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला अंतिम मंजुरी दिली. काटकोनात प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतल्या निर्वात नळ्यांतून धावणारा लेसर आणि त्यावर पकडायच्या अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. त्या वेळी भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होता. एवढं बारीक ऐकायचं तर बाकीचा गोंगाट आधी मारावा लागतो, आणि तो मारायची एक युक्ती हेडफोनवालीच आहे. पण या युक्तीबद्दल गैरसमज फार.

गैरसमज: हा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो.

अडवतो तो कापसाचा बोळा, किंवा हेडफोनची गादी. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन उलट स्वतःच आणखी एक आवाज काढतो. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. हेडफोनवरचा माइक बाहेरचा चढउतार टिपतो, आतली चिप त्याचा उलटा हिशेब मांडते आणि स्पीकर तो वाजवतो. दाब चढायच्या क्षणीच उतरवायचा, उतरायच्या क्षणी चढवायचा. कानाच्या पडद्यापाशी दोहोंची बेरीज होते आणि हाती थोडंच उरतं. म्हणूनच 'दोन-दोन आवाजांनी कान दुप्पट खराब होतात' ही भीतीही निराधार आहे. पडद्यावर पोचते ती बेरीज, आणि ती मुळातल्या आवाजापेक्षा कमी असते.

ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३६मध्ये तिचं अमेरिकन पेटंट मिळालं, पण तेवढी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. १९७८मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीत संगीत धड ऐकू येईना, म्हणून अमर बोस यांनी तिथेच गणित मांडायला घेतलं. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

गैरसमज: एकदा लावला की सगळं शांत.

पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये हा हेडफोन लावा. इंजिनाची घरघर विरून जाते, पण मागच्या सीटवरचं बाळ रडलं की ऐकू येतंच. कारण सगळा खेळ वेळेचा आहे. १०० हर्ट्झच्या घरघरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं. उलट लहर किंचित उशिरा निघाली तरी खपून जातं. ५००० हर्ट्झच्या चिरक्या आवाजाचं आवर्तन अवघ्या ०.२ मिलिसेकंदाचं. तिथे जरा चुकलं तर आवाज कमी होण्याऐवजी वाढायचा. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वरचं काम कंपन्या मुकाट्याने गादीवर सोडतात. आणि ही शांतता फक्त तुमच्या कानापाशी असते. शेजारच्या प्रवाशाची घरघर तशीच चालू.

गैरसमज: डब्यावर 'ईएनसी' आहे, म्हणजे तेच.

नाही हो! स्वस्त इअरबड्सच्या खरेदीत गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसतं ते इथे. 'ईएनसी' तुमच्या बोलण्यातून बाजाराचा गलका गाळतं, तेही फोनच्या पलीकडच्या माणसासाठी. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. हवं असतं ते 'एएनसी', म्हणजे उलट आवाजाची ही युक्ती.

गैरसमज: डीजेपुढे हेच कवच.

या हेडफोनचा खरा फायदा वेगळाच आहे. मागची घरघर कमी झाली की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. मिरवणुकीतल्या डीजेचा दणका मात्र एवढ्याशा स्पीकरच्या आवाक्याबाहेरचा असतो. तिथे कामगार वापरतात ते कानातले बोळे किंवा जाड इअरमफ बरे. तेही नसतील तर चार पावलं लांब उभं राहावं.

गैरसमज: शांत जागा मिळाली की वेधशाळेचं भागलं.

औंढ्यात गोंगाटाची तक्रार जुनीच म्हणायची. कीर्तनाची अडचण होते म्हणून नामदेवांना देवळामागे पाठवलं आणि देऊळच फिरलं, अशी आख्यायिका आहे. दुधाळ्याची निवड करताना जमिनीची थरथर कमी असणं हा मोठा मुद्दा होता. तरीही दूरच्या समुद्राच्या लाटांनी जमीन सतत हलते, ती कुठेही चुकत नाही. म्हणून लायगोचे ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकाला टांगतात. हे झालं गादीचं काम. हा लंबक ज्या मंचावर असतो, तो मंच स्वतः हलतो. संवेदक हादरा मोजतात आणि यंत्रणा मंचाला तेवढंच उलट ढकलते. धावत्या ट्रॉलीत उभा राहिलेला माणूस गुडघे वाकवत डोकं स्थिर ठेवतो, तसंच. उरलेल्या गोंगाटापैकी काही नंतर वजा करता येतो. विजेच्या तारांची गुणगुण वेगळी नोंदवून ठेवायची आणि संगणकावर मूळ नोंदीतून काढून टाकायची.

आणखी एक गंमत. दोन्ही भुजांतून परतणारे लेसर एकमेकांना जवळपास पुसून टाकतील, अशीच त्यांची जुळणी करतात. हेडफोनमध्ये हे पुसलं जाणं हेच फळ, तर इथे त्यात पडलेली फट हीच बातमी.

पण उलट लहरीची युक्ती सगळीकडे पुरत नाही, हे अमेरिकेतल्या त्या दोन वेधशाळांपैकी हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७मध्ये दिसलं. नोंदींमध्ये मधूनच विचित्र ठोके येत होते. शोध घेतल्यावर कळलं की डोमकावळे बाहेरच्या गार पाइपावर साचलेल्या बर्फाला चोची मारत होते. कावळा कधी टोचेल याचं गणित कुठल्याच चिपला जमत नाही. शेवटी पाइपावर बर्फच धरणार नाही, अशी सोय करावी लागली.